चार सेकंदांच्या पुढचं

कानाखाली आवाज काढणं म्हणजे नेमकं काय, हे धनराजला वयाच्या चौतिसाव्या वर्षी पंचवटीच्या भाजीबाजारात कळलं. मार त्याला नवा नव्हता. बापानं तो पोटभर वाढला होता. पण बापाचा मार सांगूनसवरून यायचा, आधी शिवी, मग काठी; हा मागून आला, डाव्या अंगानं, एक अक्षर न बोलता. हातातली मेथीची जुडी खाली पडली, तिच्यावर कुणाचा तरी पाय पडला, आणि मग त्याला समजलं की आपल्याला मारलं. समोर एक वाळलेला, उभट तोंडाचा माणूस उभा होता. शर्टाची वरची दोन बटणं नव्हती. मारून झाल्यावर तो आपल्याच हाताकडे बघत राहिला होता, जणू तो हात कुणाकडून उसना आणला होता. "तूच ना तो, गाणी कापणारा?" त्यानं विचारलं. आधी मारायचं आणि मग नावगाव विचारायचं, ही रीत धनराजला इतकी उलटी वाटली की तो नुसता "हो" म्हणून गेला. "मी केरू. बयाबाईचा थोरला." एवढं ऐकलं आणि धनराजच्या तोंडचं पाणी पळालं. भाजीवाली फुलाबाई हातातल्या तराजूसकट उठली. "मुडद्या, माझ्या गिऱ्हाइकाला मारतो व्हय रं?" म्हणून ओरडली, आणि दोन हमालांनी केरूला दोन्ही दंडांना धरलं. त्यानं अंग सोडून दिलं, धरणाऱ्यांनाच लाज वाटावी इतकं. जाता जाता मान वळवून तो म्हणाला, "दुपारी येतो तुझ्याकडं. समदं ऐकायचं हाय मला. निस्तं वरडणं नाय. त्याच्या पुढलं बी."

पुलावरून घरी येताना धनराजचा डावा कान गच्च झाला होता. गोदावरीच्या काठावर धुणी चालली होती, बायकांचे हात वर जात होते, खाली येत होते, आणि आवाज फक्त उजवीकडून येत होता. गाणी रचणाऱ्याचा कान गेला तर उरतं काय, अशी भीती आधी वाटायला हवी होती. ती वाटली नाही. त्याला भीती वाटली ती त्या दोन शब्दांची. त्याच्या पुढलं. त्या चार सेकंदांच्या पुढे काय होतं, हे जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, असं धनराज चार वर्षं धरून चालला होता. बयाबाईला ठाऊक असणार, पण ती त्या वेळी स्वतःत नव्हती, आणि बोललेलं तिला आठवत नसेल अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. आणि तो थोरला, तो तर तिथे नव्हताच. मग तो पुढचं मागतो कशाला? धनराज पुलाच्या मध्यावर थांबला, कठड्याला हात टेकला आणि त्यानं तोंडातलं रक्त नदीत थुंकलं. एक म्हातारबुवा म्हणाले, "अहो, तीर्थ आहे ते." तो म्हणाला, "माहीत आहे." आणि त्याच क्षणी त्या म्हाताऱ्याला उचलून खाली टाकावं असं त्याला इतकं मनापासून वाटलं की तो घाबरून झपाझप चालायला लागला.

राग हा त्याच्या घरातला जुना भाडेकरू. बाप देवळाली कॅम्पात लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा, आणि धनराजला ताल शिकवायचा तो पाठीवर. ताशाच्या दोन काड्या. मुलानं मात्रा चुकवली की एक काडी पाठीवर, समेवर आला नाही की दोन्ही. दूर मैदानात लष्कराच्या तोफांचा सराव चालायचा, खिडकीची तावदानं थरथरायची, आणि त्या धडाक्यानं मुलगा दचकून मात्रा चुकायचा. बाप म्हणायचा, "तोफ वाजू दे नायतर आभाळ पडू दे, सम सोडायची नाय." पाठ सोलवटून निघाली, पण सम पक्की झाली, हे बाप चार लोकांत अभिमानानं सांगायचा आणि लोक माना डोलवायचे. लोकांचं काय जातं? धनराजला मारणाऱ्या बापापेक्षा त्या डोलणाऱ्या मानांचाच जास्त राग यायचा. बाप मेला त्या वर्षी त्यानं ताशा भंगारात घातला आणि उसनवारीनं एक कॉम्प्युटर घेतला. मुंबईहून कुणीतरी गाण्याच्या सॉफ्टवेअरची चोरटी सीडी आणून दिली. पहिल्या दिवशी पडद्यावर त्याला आपलाच आवाज हिरव्या केसाळ पट्टीसारखा पसरलेला दिसला. त्यावर कात्रीचं चित्र नेऊन दाबलं की पट्टीचे दोन तुकडे व्हायचे. रक्त नाही, आरडाओरडा नाही. एक तुकडा उचलायचा, चार मात्रा पुढे ठेवायचा, त्याच्या दहा प्रती काढायच्या, नको तो कचऱ्यात. त्या दिवशी तो जेवायला उठला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कापणारा हात त्याचा होता आणि पाठ दुसऱ्याची.

त्याची खोली तांबट आळीत, भांड्यांच्या गोदामाच्या वर. खाली दिवसभर हंड्यांवर ठोके पडत, म्हणून गायकाचा आवाज घ्यायचा तो दुपारी एक ते तीन, ठोकणारे भाकरी खाऊन पडलेले असत तेव्हा. कोपऱ्यात गाद्या आणि अंड्यांचे पुठ्ठे लावून त्यानं गाणाऱ्यासाठी एक कपाटाएवढी खोली केली होती. त्या खोलीत, दोन हजार साली, एका उन्हाळी दुपारी बयाबाई उभी राहिली होती. साक्षरतेच्या कॅसेटसाठी लग्नातली गाणी हवी होती, म्हणून संस्थेतल्या सविताताईंनी तिला पाथर्डी फाट्याच्या एका बांधकामावरून उचलून आणलं होतं. सुरगाण्याकडची, भाताचं रान आटपलं की लेकरांना घेऊन नाशिकला मजुरीला येणारी बाई. दोन्ही लेक त्याच बांधकामावर गटाराचा चर खणत होते. तिनं माइक बघितला आणि विचारलं, "याच्या तोंडाला तोंड लावू का?" धनराज हसला. ती गायला लागली आणि त्याचं हसू थांबलं. आवाज चिरका होता, पण सरळ जाणारा, वाटेत कुणाला न विचारणारा. दुसरं गाणं अर्ध्यावर असताना जिना धडधडला, दार उघडलं आणि नखशिखांत चिखलानं माखलेला कुणी मजूर आत घुसला. धनराज कानावर हेडफोन लावून पडद्यासमोर बसलेला. त्याला फक्त पाठ दिसली, तीसुद्धा मातीची. त्या माणसानं कपाटाचं दार ओढलं. तो काय म्हणाला ते माइकनं धरलं नाही. बयाबाई किंचाळली ते धरलं.

चार सेकंद. हेडफोन काढून फेकावा इतकं ते कानात घुसलं, आणि धनराजनं तो फेकला नाही. उलट डावा हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे गेला आणि त्यानं किंचाळी फाटू नये म्हणून ते दोन घरं खाली आणलं. हे त्याला नंतर आठवलं तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली. पण हातांना कामाची सवय असते, त्यांना मेलेलं-जगलेलं कळत नाही. चार सेकंदांनंतर ती श्वास घ्यायला थांबली आणि मग त्या मातीच्या माणसाच्या छातीवर दोन्ही मुठी आपटत ओरडली, "केरू का नाय गेला? माझा चंदरच का? केरू का नाय गेला रं?" मुठींचे ठोकेही माइकनं धरले. मग सविताताई आल्या, तिला धरून खाली नेलं, आणि हिरवी पट्टी रिकामीच पुढे सरकत राहिली. चर ढासळून धाकटा चंदर गाडला गेला होता. चरात उतरायची पाळी थोरल्याची होती, त्याला ताप होता, म्हणून धाकटा उतरला, असं सविताताईंनी आठवड्यानं सांगितलं. त्या वेळी ते वाक्य धनराजनं आधीच पुसलेलं होतं. कुठल्याही आईच्या तोंडून असं वाक्य निघालेलं राहू नये, आपण त्याला मूठमाती दिली, असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं. किंचाळी मात्र त्यानं ठेवली. का ठेवली? चांगली होती म्हणून. दुसरं कारण शोधायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला होता, सापडलं नव्हतं.

मग तीन वर्षं ती फाइल पडून राहिली. फराज नावाचा त्याचा दोस्त मिरवणुकांना आवाजाचा ट्रक पुरवायचा, स्पीकरची आठ-आठ खोकी दोन बाजूंना, मागे जनरेटर. गेल्या गणपतीत तो म्हणाला, "धनराजभाई, ऐसा कुछ बना की पब्लिक पागल झाली पाहिजे. फक्त ठोका नको, ठोक्याच्या आधी काहीतरी दे." धनराजनं आधी सगळं रचलं. ताल चढत जायचा, आठाचे सोळा, सोळाचे बत्तीस, आणि ऐन टोकावर सगळं बंद. एक आवर्तन पूर्ण रिकामं. त्या रिकाम्या जागेत काय ठेवायचं म्हणून त्यानं शिट्टी ठेवून बघितली, शंख ठेवून बघितला, सिंहाची डरकाळीही ठेवली. शेवटी ती किंचाळी. तिची लांबी त्या जागेत अशी बसली की त्याच्या अंगावर काटा आला. फक्त सूर जुळत नव्हता: गाणं पांढरी दोनमध्ये आणि बयाबाई नेमकी काळी दोनमध्ये. एक कळ दाबून किंचाळी अर्ध्या सुरानं खाली आणता आली असती. सगळे तेच करतात. धनराजनं तिला हात लावला नाही. दोन दिवस बसून त्यानं सगळं गाणं अर्धा सूर वर चढवलं, बासरी पुन्हा वाजवून घेतली, गायकाला पुन्हा बोलावलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या. बाईचा मान राखला, असं त्याला खरोखरच वाटलं होतं. आज कानाखाली खाल्ल्यावर पहिल्यांदा त्याला त्या वाटण्याची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ रागही आला. आपण केलेल्या एका चांगल्या गोष्टीची कुणाला किंमत नाही!

गाणं तुफान चाललं. धनराज स्वतः रविवार कारंजापाशी फुटपाथवर उभं राहून बघत होता. ताल चढायला लागला की पोरं शर्ट काढायची. सगळं बंद झालं की हजारभर हात वर, माना मागे, डोळे मिटलेले, आणि त्या शांततेत बयाबाई किंचाळायची. मग ठोका पडायचा तो पोटात. पोरं एकमेकांवर तुटून पडायची, खांद्यानं खांद्याला धडका, कुणाचं नाक फुटलेलं, कुणी दात धरून हसणारा, आणि पुन्हा हात वर, पुन्हा लावा, पुन्हा लावा. एका माणसाला त्या धुमश्चक्रीत पायाखाली तुडवलेलं त्यानं बघितलं. बरगड्या मोडल्या असतील. धनराजला तेव्हा वाटलेलं सुख त्यानं कुणाला, बायकोलाही सांगितलं नव्हतं. मात्रा चुकवली म्हणून ज्याची पाठ फोडली होती, त्याच्या एका मात्रेवर सबंध गल्ली एकमेकांची हाडं मोडत होती. ट्रकच्या टपावर बांबू घेतलेला एक माणूस होता, विजेच्या तारा उचलून ट्रकला वाट करून देणारा रोजंदारीवाला. किंचाळी आली तेव्हा त्याच्या हातचा बांबू खाली पडला, तार खोक्याला घासली, ठिणग्या उडाल्या, आणि लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. फराजनं त्याला शिव्या घातल्या होत्या. त्यानंतर वर्षभरानं, म्हणजे परवाच, फराजचा फोन आला होता: "वो बांबूवाला बार बार पूछ रहा है, गाणं कुणी बनवलं म्हणून. मी तुझं नाव दिलं. कुछ लफडा तो नहीं?" धनराज म्हणाला होता, "कसलं लफडं." चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, याच्या मनात भर दुपारचं ऊन होतं, पण डोळे घट्ट मिटलेले.

खालचे ठोके थांबले आणि केरू जिन्यावरून वर आला. चपला बाहेर काढून आला. धनराजनं त्याला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. ज्यानं सकाळी मारलं त्याला दुपारी आपण पाणी देतो आहोत हे बघून तो मनातल्या मनात स्वतःवरच भडकला. केरू पाणी प्यायला, त्यानं ओठ पुसले. "लाव," तो म्हणाला. धनराजनं लावलं. गाण्यातलं नाही, मूळ फाइलमधलं, नुसतं. चार सेकंद. केरूचा चेहरा हलला नाही. "आता पुढलं."

"पुढचं नाही. एवढंच आहे."

"हाय. ती बोलली व्हती. मशिन चालू व्हती, लाल दिवा लागलेला व्हता."

"पुसलं मी ते. तेव्हाच पुसलं. जागा नव्हती कॉम्प्युटरमध्ये."

केरू उठला. त्यानं धनराजची मान मागून धरली आणि तोंड त्या पडद्याकडे, हिरव्या पट्टीकडे नेलं, शिकवण देताना नेतात तसं. "वरडणं ठिवलं," तो म्हणाला, "अन् बोलणं पुसलं. पोरं नाचवायला वरडणं लागतं, व्हय?" आणि त्यानं धनराजचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. "आय मेली माझी आखाडात. तिचा एक फोटू नाय आमच्याकडं. काय बोलली ती? सांग. नायतर हिथंच फोडतो तुला. काय बोलली?" भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं आणि कीबोर्डवर ठिबकलं. धनराजला बाप आठवला नाही, तोफा आठवल्या नाहीत. त्याला फक्त एवढं दिसलं की आपल्या तोंडात एक धोंडा आहे आणि तो आत्ता फेकला तर हा माणूस पुन्हा उठणार नाही. थांबावं असंही त्याला वाटलं. हे वाक्य कुणालाच द्यायचं नाही असं आपण ठरवलं होतं, हेही आठवलं. त्या बाईची कीव आली, या केरूचीही आली, अगदी पुरी आली. पण मान दुखत होती, आणि त्याला जिंकायचं होतं.

"ऐकायचंय? ऐक मग," तो रक्त गिळत म्हणाला. "ती म्हणाली, केरू का नाय गेला. माझा चंदरच का. दोनदा म्हणाली. छाती पिटून पिटून म्हणाली, केरू का नाय गेला रं. तू. तू का नाही मेलास. हे म्हणाली तुझी आई."

मानेवरचा हात सैल झाला. धनराज वळला तो मार चुकवायच्या तयारीनं, एक हात तोंडावर घेऊन. केरू स्टुलावर बसला होता. गुडघ्यांवर हात ठेवून, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसा. मग तो म्हणाला, "तिची छाती नाय पिटली तिनं. माझी पिटली."

धनराजनं तोंडावरचा हात खाली घेतला.

"तो चिखलवाला मीच. तापात उठून पळालो, हातानं उपसला त्याला. तोंडात माती, कानात माती. तिला सांगाया मीच आलो हितं." केरू बोलत होता तो धनराजशी नव्हे, जमिनीशी. "ती तसं बोलली का माझ्याच मनानं रचलं, ते चार वर्सं कळंना. तिला इचारायची छाती नाय झाली. घास भरवायची ती मला. ताप आला तर उशाला बसायची. मी तिच्या तोंडाकडं बगायचो, वाटायचं, ही नाय बोलली तसं. मीच रचलं. अंगात ताप व्हता माझ्या." त्यानं तळहात गुडघ्यांवर घासले. "ट्रकावर तिचं वरडणं ऐकलं तवा वाटलं, मशिनीत आसंल समदं. मशिन काय माझ्या बाजूनं नाय बोलायची, तिच्या बी नाय. एकदा ऐकावं. नसंल तर बरंच."

तो उठला. त्यानं स्टूल होतं तिथे सरकवून ठेवलं, रिकामा पेला मोरीपाशी नेऊन ठेवला. धनराजला आता सगळं दिसत होतं, एका डोळ्यानं, रक्ताच्या पडद्यातून: हा माणूस मारायला आलाच नव्हता. तो "नाही" ऐकायला आला होता. जगात एकच माणूस त्याला ते "नाही" देऊ शकत होता, आणि ते द्यायला काही लागलंही नसतं. पट्टी तर पुसलेलीच होती, साक्ष नव्हती, पुरावा नव्हता. नुसतं म्हणायचं होतं, रडल्या रे, फक्त रडल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. केरू चपला घालून जिना उतरायला लागला आणि धनराज तसाच, कपाळाला हात दाबून, अनवाणी त्याच्यामागे पळाला. दोन पायऱ्या चुकला, कठड्यावर आदळला, आणि खालच्या दारात त्यानं केरूचा शर्ट धरला.

"थांब. थांब रे. खोटं बोललो मी. तू मारलंस म्हणून रागानं बोललो. त्या असं काही म्हणाल्या नव्हत्या. आईची शपथ. चंदरचं नाव घेऊन रडल्या, बाकी काही नाही. तू रचलंस ते. तापात रचलंस."

केरूनं आपला शर्ट सोडवून घेतला, हळूच, बोट बोट करून. धनराजच्या कपाळावरची जखम त्यानं जवळून पाहिली, किती खोल आहे ते बघावं तशी.

"राग आला तवा खरं बोललास," तो म्हणाला. "आता दया आली तुला."